हरणीचा दिवस

पहाटे 5

माघ सरत आला की आमच्याकडं पहाटे अंगावर घ्यायला लागतं आणि नऊ वाजता उन्हाला धार येते. हरणीचं पळणं-हिंडणं या दोन टोकांत बसवावं लागतं, नाहीतर दिवस कलल्यावर. बारामती तालुक्याच्या जिराईत पट्ट्यात, सुप्याच्या पुढं आमची वस्ती आहे. भोवती ज्वारीची वावरं, मग ओढा, आणि ओढ्यापलीकडं गवताचा उघडा माळ. पळणाऱ्या कुत्र्याला याहून मोठं आमिष नाही.

हरणी क्रॉस आहे. आई कारवानी, बाप शेजारच्या गावातल्या एका पोल्ट्रीवरचा काळा लॅब्राडॉर. दोन्ही बाजूंनी रक्त शिकारीचंच, पण दोन वेगळ्या शिकारींचं. कारवानी कुत्रं डोळ्यानं शिकार करतं. लांबवर काही हललं की नजर तिथं खिळते आणि पुढच्या क्षणी ते तिथं पोचलेलं असतं. मुधोळच्या घोरपड्यांनी विलायतेच्या राजाला भेट दिलेली ‘मुधोळ हाउंड’ ही याच गोतावळ्यातली. 2005 साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात तीही होती. लॅब्राडॉरचं काम याच्या उलट. बंदुकीनं पाडलेलं पाखरू पाण्यातून, झुडपातून हुडकून, दात न लावता मालकापाशी आणून द्यायचं. हरणीत आईची छाती, आईची आत ओढलेली कंबर आणि आईचे पाय आहेत. नाक, भूक आणि तोंडात काहीतरी धरून मिरवायची हौस मात्र बापाची.

असं कुत्रं पाळलं की भेटेल तो एकच सल्ला देतो: भरपूर पळवा, दमवा, म्हणजे घरात गप्प बसेल. मला हे पटत नाही. रोज पळवून दमवलेलं कुत्रं महिन्याभरात पहिल्यापेक्षा जास्त दमदार होतं. मग त्याला दमवायला दुप्पट पळवावं लागतं, आणि या शर्यतीत माणूस जिंकत नाही. हरणीला पळायला शिकवायची गरज नव्हती. तिला शिकवायचं होतं ते थांबणं. आमचा सगळा दिवस त्याभोवती बांधलेला आहे.

साडेपाच

पट्टा चढवायचा तोही विचार करून. कारवानीचं डोकं अरुंद आणि मान जाड. साधा पट्टा कानांवरून सटकतो आणि कुत्रं मोकळं होतं. म्हणून गळ्यात ओढल्यावर आवळणारा रुंद पट्टा, आणि छातीवरून हार्नेस. लांब दोर अडकवायचा तो हार्नेसलाच. पूर्ण वेगात दोराच्या टोकाला हिसका बसला आणि तो मानेवर आला, तर इजा कायमची होऊ शकते.

आम्ही बांधाबांधानं ओढ्याकडं उतरतो. पहिली दहा मिनिटं नुसतं चालणं आणि हुंगणं. तिला हवं तिथं, हवं तितका वेळ. रात्री इथून कोण गेलं, कोल्हा की खोकड की शेजारच्या वस्तीवरचा बोका, ते ती जमिनीवरून वाचत असते. ते वाचून झाल्याशिवाय तिला पुढं ओढू नये. नाकाचं काम डोक्याला दमवतं, आणि असं दमलेलं डोकं शांत असतं.

माळ सुरू होतो तिथं दोर आखूड करायचा. इथं माझी तिच्या कानांवर नजर असते. कान मागं पडलेले असतील तर ती हुंगतेय. उभे झाले, मान ताठ झाली आणि पुढचा एक पाय उचलला गेला, की तिला काहीतरी दिसलंय, आणि मला ते अजून दिसलेलं नाही. लांब नाकाच्या कुत्र्यांच्या डोळ्याच्या पडद्यावर पाहणाऱ्या पेशींचा दाट आडवा पट्टा असतो, त्यामुळं क्षितिजाच्या रेषेवरची हालचाल त्यांना चटकन टिपता येते. बाजूंचंही त्यांना आपल्यापेक्षा पुष्कळ अधिक दिसतं. म्हणून ससा उठायच्या आधीच मी हळूच म्हणते, “हरणे, थांब.” ती थरथरते, पण थांबते. लगेच खिशातला उकडलेल्या काळजाचा तुकडा तिच्या तोंडात जातो. ससा गेला तरी तिचं नुकसान झालं नाही, हे तिला त्याच क्षणी कळायला हवं.

या माळावर तिला मोकळं सोडत नाही. जवळच मयूरेश्वर अभयारण्य आहे. पाच चौरस किलोमीटरच्या आसपासचं ते लहानसं रान चिंकाऱ्यांसाठी राखलंय, पण चिंकाऱ्यांना हद्द ठाऊक नसते, ते आमच्या माळावरही येतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या करताना नुसतं मारणं धरलेलं नाही. पाठलाग करणं, हुसकावणं आणि तसा प्रयत्न करणंही त्यात येतं. “आमच्या कुत्र्यानं पकडलं नाही, नुसतं पळवलं” असं म्हणायला जागाच नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, उन्हाळ्याच्या तोंडावर पाण्यासाठी वणवण करणाऱ्या चिंकाऱ्याला खेळ म्हणून दोन मैल पळवणं हा अन्यायच आहे. थोड्याच दिवसांत टिटव्या आणि चंडोल याच जमिनीवर अंडी घालतील. मोकाट हिंडणाऱ्या एका कुत्र्यामुळं अशी किती घरटी उधळतात हे माळावर राहणाऱ्याला सांगावं लागत नाही.

दोराचं दुसरं कारण हरणीच्याच जिवाचं. भरधाव कुत्र्याला काटेरी तार दिसत नाही. या कुत्र्यांची कातडी पातळ, तिच्याखाली चरबी नाही, तार लागली की कापड फाटावं तशी फाटते. आणि कठडा नसलेल्या विहिरी अजून आमच्या शिवारात आहेत.

परतताना मेंढरांचा एक वाडा लागतो. बहुतेक धनगर दिवाळीनंतर कोकणात उतरतात, हे राहिलेल्यांपैकी. मेंढरं पळाली की हरणीचं रक्त उसळणार. म्हणून आम्ही लांब अंतरावर बसतो, कळप पुढं जाईपर्यंत. मेंढपाळ मामा हात उंचावून विचारतात, “बसली का गं?” बसली म्हटलं की त्यांची कुत्रीही भुंकायची थांबतात.

सात

ओट्यावर पोतं टाकून तपासणी. दिवसातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात गरजेचं काम हेच.

या दिवसांत माळावरचं गवत वाळून कुसळं सुटलेली असतात. कुसळाच्या टोकाशी उलटे बारीक काटे असतात, त्यामुळं ते एकदा शिरलं की पुढंच सरकतं, मागं येत नाही. कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात शिरलं की वरून फक्त पायाला एक फुगवटा दिसतो, आणि आत ते मांसातून चालत असतं. कानात गेलं तर कुत्रं डोकं एका बाजूला कलतं धरतं, झटकत राहतं. नाकात गेलं तर एकामागून एक शिंका, कधी रक्ताचा थेंब. कानातलं आणि नाकातलं कुसळ घरी काढायला जाऊ नये, चिमट्यानं ते आणखी आत जातं. सरळ डॉक्टरांकडं. बोटांमधलं टोक दिसत असेल तरच काढावं, आणि जिथून काढलं तिथं मिठाच्या कोमट पाण्यानं धुवून दोन दिवस लक्ष ठेवावं.

हरणी एकेक पाय स्वतः पुढं करते. आधी पंजाला हात लावू द्यायची नाही. पाय धरला की तुकडा, बोटं फाकवली की तुकडा, असं करत करत ती सरावली. कुत्रं धडधाकट असताना पाय हातात द्यायला शिकलेलं असलं, की दुखणाऱ्या पायाच्या वेळी झोंबाझोंबी होत नाही.

मग सराटे, बाभळीचे काटे, तळव्याच्या भेगा. ज्वारी काढलेल्या वावरात तिला पळू देत नाही. विळ्यानं तिरकी कापलेली धसकटं भाल्यासारखी उभी असतात आणि तळवा आरपार होतो.

साडेसात

सकाळचं खाणं थोडं, दिवसाच्या एक तृतीयांश. ज्वारीची भाकरी कुस्करून, त्यात बिनमिठाचं कोंबडीचं सूप, एक अंडं, शिजवलेला भोपळा. कुत्रं भाकरी पचवतं, पण नुसत्या भाकरी-दुधावर पळणाऱ्या कुत्र्याचं अंग भरत नाही. त्याला मांस-अंडी लागतातच. घरातली आमटी-भाजी कधीच नाही. कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, आणि आपल्या कालवणात कांदा नाही असं होत नाही. द्राक्षंही नाहीत. बारामतीकडं द्राक्षाच्या बागा आहेत, येणारा-जाणारा कौतुकानं घोस पुढं करतो, त्याला हात जोडून नको म्हणावं लागतं, कारण द्राक्षांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. शिजवलेली हाडंही नकोत, त्यांच्या किरचा होतात.

वाटी रिकामी झाली तरी हरणीचे डोळे भुकेलेलेच असतात. 2016 साली केंब्रिजच्या संशोधकांना लॅब्राडॉरमधल्या जवळपास चौथाई कुत्र्यांत एका जनुकाचा तुकडा गळालेला आढळला. अशा कुत्र्यांना पोट भरल्याची जाणीव नीट होत नाही आणि त्यांचं वजन सहज वाढतं. हरणीत ते असेल-नसेल, तिच्या डोळ्यांवर विश्वास न ठेवता मी तिच्या बरगड्यांवर ठेवते. शेवटच्या दोन-तीन बरगड्या पुसट दिसल्या पाहिजेत, हाताला सगळ्या लागल्या पाहिजेत. येणारे म्हणतात, “उपाशी ठेवता काय?” कारवानीच्या अंगलटीचं कुत्रं गोलमटोल झालं तर त्याचे सांधे जातात.

खाल्ल्यावर दोन तास उड्या नाहीत, पळणं नाही. खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून स्वतःभोवती पिळा घेण्याचा धोका असतो. पोट ढोलासारखं ताणलेलं, ओकारीचा नुसता उमाळा आणि बाहेर काही नाही, असं दिसलं तर सकाळ व्हायची वाट पाहायची नसते. तासाभरात जीव जाऊ शकतो.

पावणेदहा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. गाडी काढायच्या आधी फाटकाचा पाठ. फाटक उघडायचं, ती बसलेली. मी बाहेर जाऊन परत आत येते, ती बसलेली. गाडी चालू करते, ती बसलेली. मग “शाब्बास”, आणि फाटक बंद. सगळं मिळून तीन-चार मिनिटं. पळणाऱ्या कुत्र्यांची बहुतेक हरवाहरवी उघड्या फाटकातून होते, आणि फाटक घरातलं लहान मूलही उघडं टाकू शकतं. म्हणून उघडं फाटक म्हणजे बसायची खूण, एवढं तिच्या अंगात मुरवलं.

दुपारी 1

या वेळी ती झोपलेली असते. कारवानी कुत्र्याबद्दल लोकांना हे खरं वाटत नाही. वाऱ्यासारखं पळणारं हे जनावर दिवसाचा मोठा भाग निपचित पडून काढतं. ते आजारी नसतं, कंटाळलेलंही नसतं. वेगाची धाव ही थोड्या वेळाची खर्चिक गोष्ट आहे आणि तिची भरपाई झोपेत होते. त्या झोपेत मुलांनी तिला उठवायचं नाही, हा आमच्या घरातला कडक नियम आहे.

जागा मात्र नीट हवी. कोपराला, ढोपराला मांस नाही, नुसत्या फरशीवर झोपली की तिथं घट्टे पडतात, म्हणून गोधडी. कुत्र्याला आपल्यासारखा घाम सुटत नाही, तो जीभ बाहेर काढून मुख्यतः धापेतून उष्णता टाकतो. निरोगी कुत्र्याचं अंग साडेअडतीस-एकोणचाळीस अंशांच्या आसपास असतं, एक्केचाळीसच्या वर गेलं की आतले अवयव धोक्यात येतात. तेव्हा पोटावर, जांघेत, पंजांवर साधं गार पाणी ओतत, वारा घालत दवाखाना गाठायचा. ओलं फडकं अंगावर लपेटून ठेवायचं नाही, त्यानं उष्णता आत कोंडते.

दुपारभर तिच्याजवळ असतात ते आमचे आण्णा, माझे सासरे. त्यांच्या तरुणपणी वस्तीवर दोन कारवानी कुत्री होती आणि ज्वारी काढून झाली की सशाच्या शिकारीला माणसं निघायची. 1972 हे साल त्यांना कायद्याचं म्हणून ठाऊक नव्हतं, दुष्काळाचं म्हणून आठवतं. त्या वर्षी माणसांनाच भाकरी नव्हती, कुत्र्यांना कोण घालणार. आण्णा त्या दोन कुत्र्यांची नावं अजून सांगतात, पुढचं सांगत नाहीत. हरणीसाठी पाण्याची परात दिवसातून तीनदा तेच भरतात. कुणाला भरू देत नाहीत.

साडेपाच

दिवसातला खरा तास हा. ओढ्याकडं आमचा पोयट्याचा एक तुकडा पडीक आहे, तिन्ही बाजूंनी दाट शेराचं कुंपण, चौथ्या बाजूला आम्ही जाळी लावलीय. दगड वेचून काढलेत. इथं हरणी मोकळी असते.

हातात लांब बांबू, त्याला दोरी, दोरीच्या टोकाला जुन्या चादरीची चिंधी. हेच तिचं सावज. आधी पाच मिनिटं चालून अंग मोकळं करायचं. मग चिंधी जमिनीवर निपचित टाकायची आणि म्हणायचं, “थांब.” ती बसते. चिंधी थोडी हलवायची. बसून राहिली पाहिजे. जोरात हलवायची. तरी बसली, तर “घे!”

तिचं ते धावणं मी रोज पाहते आणि रोज पाहत राहते. पूर्ण वेगात एका झेपेत तिचे चारही पाय दोनदा जमीन सोडतात: एकदा अंग ताणलेलं असताना, एकदा पाय पोटाखाली गोळा झालेले असताना. पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकतो आणि सुटतो. यासाठीच शेकडो वर्षं तिच्या आजी-पणज्या निवडल्या गेल्या, आणि हे तिच्याकडून काढून घ्यायचा मला अधिकार नाही. ससा नको म्हणायचं आणि बदल्यात काहीच द्यायचं नाही, हा व्यवहार कुत्रं मान्य करत नाही. ते मग स्वतःच सावज शोधतं: कोंबड्या, मोटारसायकली, पळणारी पोरं.

दोन-तीन चकरा झाल्या की चिंधी तिला पकडू द्यायची. नेहमी हुलकावणी दिली तर कुत्रं चिडचिडं होतं. पकडली की “सोड”, आणि सोडली की काळजाचा तुकडा. मग सगळ्यात अवघड पाठ: भर धावेत “थांब”. याला बराच काळ लागला. आधी वाटीसमोर, मग फाटकात, मग निपचित चिंधीसमोर, मग हलत्या, आणि शेवटी धावेत. एकही पायरी गाळता आली नाही. थांबली की बक्षीस म्हणून लगेच पुन्हा “घे”. थांबलं की खेळ संपत नाही, पुन्हा सुरू होतो, हे कळलं तेव्हाच तिचं थांबणं पक्कं झालं. थांबवून लगेच साखळी घालणाऱ्या माणसाचं कुत्रं दुसऱ्यांदा थांबत नाही.

खरी धाव एकूण सहा-सात मिनिटांची. तिला आणखी हवं असतं तेव्हाच आवरायचं. प्रत्येक झेपेनंतर सगळं वजन पुढच्या पायांवर येतं, दमलेल्या पायांनी वळण घेतलं की मनगट आणि बोटं दुखावतात. पिल्लांना तर वर्ष-सव्वा वर्षाचं होईपर्यंत हा बांबू दाखवूच नये, त्यांच्या हाडांची टोकं अजून मऊ असतात.

मग बापाच्या रक्ताची पाळी. चिंधीचं गाठोडं कडब्याच्या गंजीमागं, बांधाच्या कपारीत, कुठंही लपवायचं आणि “शोध” म्हणायचं. आता हरणी वेगळीच होते. डोकं खाली, शेपूट फिरती, वाऱ्याची दिशा घेत तिरक्या रेघा मारत. गाठोडं सापडलं की ते अलगद उचलून, मान वर करून माझ्या हातात आणून देते. आमचा धाकटा हे लपवायचं काम करतो आणि दर वेळी नवी जागा काढतो.

सात

अंग थंडावलं, धाप उतरली, तासभर गेला, मग जेवण. त्यानंतर गोचिडांसाठी दुसरी तपासणी. कानाच्या घडीत, बोटांच्या बेचक्यात, जांघेत, पट्ट्याखाली. गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची, रॉकेल नाही, उदबत्ती नाही. काढलेली साबणाच्या पाण्यात. गोचिडीतून येणारा ताप आमच्या भागात कुत्र्यांचा मोठा घातकी आजार आहे. खाणं टाकलं, हिरड्या पांढुरक्या पडल्या, लघवी गडद झाली किंवा नाकातून रक्त आलं तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावं. गोळी वजनावर ठरते, तीही डॉक्टरांनीच सांगावी.

रेबीजची लस वर्षाला, डिस्टेंपरची वेळेवर. डिस्टेंपर आपल्या कुत्र्यांकडून लांडग्यांना, खोकडांना होतो, आणि माळावर ही जनावरं आधीच थोडी उरलीत.

साडेआठ

शिवारातल्या एका ओळखीच्यांचा फोन. हरणीचं पिल्लू हवंय. शर्यतीला चांगलं निघेल म्हणतात, मधेच “आणि रानातही” असं हळूच घालतात. मी नाही म्हणते. एवढ्या ताकदीची सहा-सात पिल्लं जन्माला घालायची आणि त्यांतली निम्मी आखूड साखळीला बांधलेली बघायची, हे माझ्यानं होणार नाही. आण्णांनाही हे पहिल्यांदा रुचलं नव्हतं. जातिवंत रक्त वाया जातं म्हणाले. आज फोन ठेवल्यावर तेच म्हणाले, “बरं केलंस पोरी.”

हरणीचा माज मार्गशीर्षात येऊन गेला. दोन-अडीच महिने झाले, आता नसबंदीची वेळ योग्य. शनिवारी दवाखान्यात जायचंय.

दहा

फाटकापर्यंत शेवटची फेरी, कडी, कुलूप. मग डॉक्टरांना सांगायच्या गोष्टी मी वहीत लिहून काढते. वजन 24 किलो. आई कारवानी, म्हणजे अंगावर चरबी कमी. अशा कुत्र्यांच्या शरीरातून थायोपेंटोनसारखं भुलीचं औषध फार सावकाश उतरतं, तेव्हा दुसरं वापरता येईल का विचारायचं. आधी रक्त तपासायचं, गोचीडतापासाठीही. भूल उतरताना अंग गार पडतं, म्हणून गोधडी आणि गरम पाण्याच्या बाटल्या न्यायच्या. टाके निघेपर्यंत पळणं बंद, चिंधी बंद. ते दिवस निभवायला “शोध”चा खेळ घरातल्या घरात खेळायचा, चालत चालत. धाकट्यानं त्यासाठी जागांची यादी आत्ताच करून ठेवलीय, पहिली आण्णांच्या खाटेखाली.